पाटी पुसल्यानंतर

इंग्रजी काव्य शिकविण्यांत ज्याची तीस वर्षें गेलीं, त्याच्या वांट्यास उतारवयांत 'ब्राउझर' शिकविण्याचें काम यावें, यांत कांहीं वाचकांस विनोद दिसेल. नव्या अभ्यासक्रमांत संगणक-परिचयाचा तास घातला गेला, जाणते लोक दुसरीकडे गुंतलेले होते, आणि आम्ही रिकामे सांपडलों. 'ज्यांच्या हातांत पाळण्यापासून फोन आहे त्यांस हें शिकवावयाचें काय?' असें आमचे एक स्नेही म्हणाले.

पहिल्याच तासाला याचें उत्तर मिळालें. 'ब्राउझर म्हणजे काय?' असें विचारतांच सारा वर्ग एकमुखानें म्हणाला, 'गूगल!' कोणत्या वाहनानें आलां, असें विचारावें आणि समोरच्यानें वाट दाखविणाऱ्याचें नांव सांगावें, तसा हा प्रकार. यांत मुलांचा दोष नाहीं. फोनवर प्रत्येक कामाचें वेगळें दार असतें. पत्ता वाचण्याची वेळच येत नाहीं.

म्हणून पहिला आठवडा आम्हीं केवळ पत्ता वाचण्यांत घालविला. खिडकीच्या माथ्यावर जी ओळ असते तिच्यांतील पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी. तिच्या लगत डावीकडे जें नांव असेल, तेंच त्या जागेच्या खऱ्या धन्याचें. आपल्याकडे आडनांव शेवटीं येतें आणि घराणें त्यावरून कळतें, तसेंच हें. लबाड मनुष्य आरंभीं मोठ्या बँकेचें नांव लावतो. आडनांव मात्र त्याला स्वतःचेंच ठेवावें लागतें. जोडणी सुरक्षित असल्याचें जें आश्वासन तेथें मिळतें, त्याचा अर्थ इतकाच कीं, वाटेंत कोणी पत्र फोडीत नाहीं. पत्र ज्याच्या हातीं पडणार तो सज्जन आहे, असा नव्हे.

'कुकी' हा शब्द ऐकून वर्गांत खसखस पिकली. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू मोंटुली या तरुणानें ही युक्ति काढली. त्यापूर्वीं वेबला ओळख ठेवण्याची सोय नव्हती. पान उलटलें कीं आपण पुन्हां परके. देवळाबाहेर जोडे ठेवतांना बिल्ला मिळतो, तशी ही खूण. इथवर सारें ठीक होतें. परंतु पुढें जाहिरातींच्या व्यापाऱ्यांनीं बाजारांतील दुकानादुकानांत आपला एकेक मनुष्य बसविला. तो सर्वत्र तोच बिल्ला पाहतो, आणि आपण कोठें किती वेळ रेंगाळलों याची वही भरतो.

मुलांचा खरा भरंवसा 'इन्कॉग्निटो' खिडकीवर. ती उघडली कीं आपण अदृश्य झालों, असें बहुतेकांस वाटत होतें. गूगलच्या क्रोममध्यें २००८ पासून ही सोय आहे; तिचें काम आपल्या यंत्रावरील पाटी पुसण्याचें. समोरच्या वहींतील नोंद तिला पुसतां येत नाहीं, आणि कॉलेजच्या जाळ्यावरून आपण कोठें गेलों हेंही झाकतां येत नाहीं. याच प्रकरणीं अमेरिकेंत २०२० सालीं गूगलवर दावा लागला, आणि २०२४ सालीं तडजोडींत अब्जावधि नोंदी नष्ट करण्याचें कंपनीनें मान्य केलें. हें ऐकून मागच्या बाकांवर जी शांतता पसरली, ती आमच्या शेलीला कधीं लाभली नव्हती.

पुढच्या आठवड्यांत एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. (हा प्रसंग तिच्या संमतीनें, ओळख पटणार नाहीं इतपत बदलून देत आहों.) पंधराव्या वर्षीं शाळेंतील एका बाईंविषयीं तिनें कांहीं अभद्र मजकूर साऱ्यांस दिसेल असा लिहिला होता. 'सर, मीं तो तेव्हांच काढून टाकला. मग माझें नांव शोधलें कीं अजून कसा दिसतो?' तिला नोकरीच्या मुलाखतीस जावयाचें होतें. आणि त्या बाई, ती खालीं पाहत म्हणाली, आतां हयात नाहींत.

आम्ही तिच्याबरोबर शोधावयास बसलों. तीन ठिकाणीं खुणा निघाल्या. एक शोधयंत्राच्या जुन्या सांठ्यांतील. मूळ पान गेल्याचें रीतसर कळविल्यावर ती नाहींशी झाली. दुसरी तिच्याच एका विसरलेल्या खात्यावर. तिसरी मात्र जुन्या वर्गमैत्रिणीच्या पानावर, स्क्रीनशॉट काढून लावलेली.

कायदा पाहावा, तर २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यांत ती पुसून मागण्याचा हक्कही लिहिला आहे. परंतु त्याच कायद्यानें, कोणी आपल्या खाजगी वा घरगुती कामासाठीं वापरलेली माहिती आणि जी आपणच चव्हाट्यावर मांडली ती माहिती, अशा दोन्ही वगळल्या आहेत. आपला मजकूर दुसऱ्या सदरांत बसतो, हें तिनें आमच्याआधीं ओळखलें. स्पेनमधील एका गृहस्थांनीं आपल्या कर्जासंबंधीं १९९८ सालीं छापलेली लिलावाची नोटीस शोधयंत्रांतून काढविण्यासाठीं युरोपच्या न्यायालयांत झगडून २०१४ सालीं विजय मिळविला. पण त्या खटल्यामुळेंच त्यांचें नांव आणि तें कर्ज आतां कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसलें आहे.

मग उरली मैत्रीण. दोन वर्षें तिच्याशीं बोलणें नव्हतें. मुलीनें आमच्यासमोरच पत्र लिहावयास घेतलें. पहिल्या खर्ड्यांत कायद्याचें कलम होतें. तें आम्हीं खोडावयास लावलें. दुसऱ्यांत नुसती विनंती होती. तिसऱ्यांत तिनें आधीं बाईंविषयीं लिहिलें, बरेंच लिहिलें, आणि विनंती शेवटच्या ओळींत. त्या खर्ड्यास आम्हीं हात लावला नाहीं. मुलाखत येत्या सोमवारीं आहे. हा मजकूर छापखान्याकडे जाईपर्यंत मैत्रिणीचें उत्तर आलेलें नाहीं.