साहसी भांडवल आणि लाल पेन

सत्तरी ओलांडल्यावरही नवा शब्द शिकायला मिळाला की मला बरं वाटतं. सध्याचा शब्द आहे व्हेंचर कॅपिटल. वर्तमानपत्रात कधीकधी 'साहसी भांडवल' असंही छापतात.

आमची नात पुण्यात इंजिनियर आहे, विजेवरच्या दुचाकींच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीत. पाच वर्षांची कायम नोकरी सोडून तिला या धंद्यात शिरायचंय. लेक म्हणाला, "आई, ती तुझं ऐकते. तूच समजाव."

आता समजवायचं तर आधी आपल्याला समजायला हवं ना! मग नातीनेच माझी शिकवणी घेतली. संस्थांचे आणि धनवंतांचे पैसे एका फंडात जमतात. सेबीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अशा फंडात एकेका गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान १ कोटी रुपये घालावे लागतात. फंड ते पैसे नवख्या कंपन्यांत घालतो, कर्ज म्हणून नव्हे, भागीदार म्हणून. बऱ्याच कंपन्या बुडतात, एखादी सगळ्यांचं भरून काढते. हिशोब लागायला दहाएक वर्षं. १९४६ साली बोस्टनमध्ये अशी एक पहिलीवहिली कंपनी उभी करणाऱ्यांत जॉर्ज डोरिओ होते, हार्वर्डचे प्राध्यापक. म्हणजे आमच्याच जातकुळीतले की!

"पण यासाठी परीक्षा कुठली?" मी विचारलं. परीक्षाच नाही म्हणे. जागा मोजक्या, जाहिरात क्वचित, बरंचसं ओळखीपाळखीने. मग ओळख नसलेल्या पोरीने काय करायचं? तिने मायकेल मॉरिट्झ यांचं उदाहरण दिलं. ऑक्सफर्डला इतिहास शिकलेला हा माणूस 'टाइम'चा पत्रकार. ॲपल कंपनीवर पुस्तक लिहिलं आणि १९८६ मध्ये सिकोया या फंडात गेला. त्याच फंडाने १९९९ मध्ये गूगलमध्ये पैसे घातले. मी स्वतः इतिहासाची बी.ए., त्यामुळे हे ऐकून उगाचच मान ताठ झाली! एखादं क्षेत्र आतून जाणणं आणि त्यावर आपलं मत नीट मांडता येणं, हीच तिथली ओळख.

नातीने तेच केलं. रविवारी चाकण-भोसरीकडे जाऊन नव्या उद्योजकांना भेटायची. आल्यावर दोन पानी टिपण : मी इथे पैसे घातले असते का, आणि का? टिपणं फंडांना पाठवायची. बहुतेकांनी साधं उत्तरही दिलं नाही. आठ महिन्यांनी एका फंडाने बोलावलं. काम ॲनालिस्टचं, दोन वर्षांपुरतं, पगार आत्तापेक्षा कमी. पुढची हमी नाही. लेकाची काळजी काही खोटी नाही.

मी म्हटलं, टिपणं दाखव. चौदापैकी अकरांवर 'नाही'. एक तर तिच्या जिवलग मैत्रिणीच्या कंपनीवर.
"तिला दाखवलंस?"
"दाखवलं. महिनाभर बोलली नाही गं आजी. मग एक दिवस फोन करून म्हणाली, तो चौथा मुद्दा परत सांग."

तिथेच माझं मन ठरलं. चौतीस वर्षं लाल पेन हातात धरलंय मी. उत्तराला शून्य देणं सोपं. शून्य का, ते समासात लिहिणं अवघड, आणि पोराला सांगून त्याचा हुरूप टिकवणं त्याहून अवघड. या धंद्यात तर शंभरातल्या नव्व्याण्णवांना 'नाही' म्हणायचं, तेही आपण चुकू शकतो हे ठाऊक असताना. बेसेमर नावाचा जुना अमेरिकन फंड तर आपण नाकारलेल्या आणि पुढे गाजलेल्या कंपन्यांची यादीच जाहीर करतो. त्यात ॲपल आहे, गूगलही. हा मोकळेपणा मला फार आवडला.

लेकाला म्हटलं, "दोन वर्षांनी नोकरी राहिली नाही तरी तिचं बॅटरीचं ज्ञान कुठे जाणार नाही. जाऊ दे तिला." तो अजून थोडा धुसफुसतोय. असो, बाप आहे.

नातीला मात्र एकच अट घातली. कुणाला 'नाही' म्हणशील तर दोन ओळी का होईना, कारण कळव. उत्तराची वाट बघत बसणं काय असतं, ते तू आठ महिने पाहिलंयस.

ती 'हो' म्हणाली. एक तारखेपासून रुजू होतेय.