धंदा येते, कागद येत नाही

आम्ही पेशाने कारकून. घर अमरावतीला, नोकरी अकोल्याला. बडनेरा ते अकोला हा गाडीचा प्रवास रोजचाच. मूर्तिजापूर येईपर्यंत डब्यातली निम्मी माणसे ओळखीची होतात. आम्ही बी. कॉम. आहोत आणि समाजकार्यात थोडेफार पडतो हे कळले, की कोणी ना कोणी प्लॅस्टिकची पिशवी उघडतो. आत जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो आणि चारदा परत आलेला अर्ज.

मागच्या हिवाळ्यात अशीच एक पिशवी आमच्या घरी आली. वस्तीतल्याच एक बाई. पापड, कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या करतात आणि कार्यालयांत फिरून विकतात. पोरांची शिक्षणे त्याच पैशांवर चालली आहेत. बाई म्हणाल्या, "भाऊ, मले धंदा येते, कागद येत नाही. बँकवाल्यानं वापस देल्ले. तुमीच पाहा."

पिशवीत डाळ मिलचा अर्ज होता. आम्ही विचारले, "ताई, तुम्ही तर पापड करता. मग डाळ मिल कशाला?" त्या म्हणाल्या, "त्याच्यात सबसिडी जास्त भेटते म्हनते."

हे ऐकले आणि आमच्या पोटात गोळा आला. कारण हेच वाक्य पूर्वी एकदा आमच्याच तोंडून निघाले होते.

गोष्ट २००७ सालची. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो. पदवी ताजी होती आणि समाजाचे भले करण्याची घाई होती. वस्तीतला एक मुलगा दुचाकी फार छान दुरुस्त करी. त्याला हक्काचे दुकान हवे होते. पण आमच्याजवळ झेरॉक्स व संगणक केंद्राचा तयार प्रकल्प अहवाल होता. आम्ही त्याला म्हटले, "तेलात हात घालून काय होणार? हे कर, यात अनुदान बरे आहे." अहवालावरचे नाव बदलले, आकडे तसेच ठेवले. कर्ज मंजूर झाले, आम्ही पेढे वाटले.

त्या वर्षांत वऱ्हाडात भारनियमन असे. ऐन कामाच्या वेळी वीज नसायची. त्यात त्याच रस्त्यावर झेरॉक्सची आणखी दोन दुकाने होती. दीड वर्षात त्याचे केंद्र बंद पडले. हप्ते थकले आणि त्याच्या आईचे डोरले सावकाराकडे गेले. त्या माउलीने आम्हाला कधी एका शब्दाने विचारले नाही, पण रस्त्यात भेटली की मान खाली आमचीच जाई. मुलगा दुसऱ्याच्या गॅरेजवर राबला आणि सात वर्षांत त्याने सगळी फेड केली. पुढची कितीतरी वर्षे तो आमच्याशी कामापुरतेच बोले.

त्याला काय येते हे आम्ही विचारलेच नव्हते. कर्जाचा अर्ज लिहिणाऱ्याची सर्वांत मोठी चूक हीच.

अनुदान म्हणजे सरकारने दिलेले बक्षीस, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तसे ते नाही. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचेच उदाहरण घ्या. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला यात शहरी भागात प्रकल्पाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, आणि पदरचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. पण अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेतच अर्जदाराच्या नावे ठेवले जाते, आणि धंदा चालू असल्याची पाहणी झाल्यावर कर्जात वळते होते. धंदा मध्येच बुडाला तर अनुदान तारत नाही, कर्ज मात्र मानेवर राहते.

मग योजना काय कामाच्या, असे कोणी विचारील. फार कामाच्या आहेत. आपल्या माणसाजवळ अंगात कसब असते, पण भांडवल नसते, तारण ठेवायला शेत नसते आणि ओळखीचा जामीनदार नसतो. शिवाय आपल्या बाबतीत भांडवलाखेरीज आणखी एक अडसर होता. स्वतः बाबासाहेबांनी १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी शेअरबाजाराच्या व्यवहारांत सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला तो माणूस! पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. ज्ञान होते, तरी बाजाराने दार लावले. म्हणूनच अशा दारांपाशी उभे राहणारी सरकारी व्यवस्था लागते, आणि ती वापरणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

ही व्यवस्था आपल्या जिल्ह्यातच आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १० जुलै १९७८ रोजी स्थापन झाले. त्याच्या बीज भांडवल योजनेचा हिशेब साधा आहे : ७५ टक्के रक्कम बँकेची, २० टक्के महामंडळाची ४ टक्के व्याजाने, आणि ५ टक्के आपली. मातंग व तत्सम समाजासाठी १९८५ पासून लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ आहे. जिल्हा उद्योग केंद्रेही १९७८ चीच. पंतप्रधान कार्यक्रमाचा अर्ज आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम तिथूनच समजून घ्यावा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिकवण्याचे व जेवणाचे पैसे लागत नाहीत. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे कर्ज शिशु गटात, विनातारण मिळते. हातगाडीवाल्यांसाठी २०२० साली सुरू झालेली स्वनिधी योजना आहे. तिचा पहिला हप्ता आता १५ हजारांचा आहे आणि तो वेळेवर फेडला की पुढचा वाढीव मिळतो.

आता त्या ताईंकडे वळू. डाळ मिल वाईट नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दालमिल वऱ्हाडात अनेक गावी चालते. पण जिथे आसपासच्या शेतकऱ्यांची तूर दाराशी येते, जागा स्वतःची असते आणि चारजणी मिळून काम करतात, तिथे ती शोभते. ताई भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. तूर कोण आणून देणार?

आम्ही त्यांना अर्ज दिला नाही, एक वही दिली. सांगितले, "ताई, महिनाभर रोज लिहायचे. काय घेतले, काय विकले, उधार किती गेली." त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून सातवीतली मुलगी लिहू लागली. महिन्याअखेर बेरीज केली. विक्री १४ हजार ६०० रुपयांची. डाळ, तेल, पिशव्या, गाडीभाडे मिळून ९ हजार २०० गेले. उरले ५ हजार ४००. वहीने आणखी एक गोष्ट सांगितली. ताई उडदाची डाळ दर आठवड्याला किरकोळ भावाने आणत होत्या. हंगामात एकदम माल भरला असता, तर हाच नफा बराच वाढला असता.

म्हणजे त्यांना मिल नको होती. त्यांना हंगामाचा माल भरायला पैसे, पीठ मळायचे एक यंत्र आणि पिशवी बंद करायचे एक यंत्र हवे होते. एकूण ४० हजार. तीन वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १ हजार ३०० रुपयांचा हप्ता. ५ हजार ४०० मधून तो निघू शकत होता. पत्रावळीएवढ्या एका कागदावर आम्ही हे सगळे लिहिले. उद्यम नोंदणी केली; ती मोफत आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

बँकेत मात्र पुन्हा तेच. "आता टार्गेट संपले, नंतर या." नाव त्या शाखेचे घेत नाही, कारण असे अनुभव एकाच ठिकाणी येतात असे नाही. ताई उठू लागल्या. आम्ही त्यांना बसवले आणि साहेबांना नम्रपणे म्हटले, "सर, अर्ज ठेवून घ्या, पोच द्या. नामंजूर करायचा असेल तर कारण लेखी कळवा."

यात आमची हुशारी काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत, की अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराचा कर्ज अर्ज शाखेने परस्पर नाकारू नये, तो निर्णय वरच्या स्तरावर व्हावा, आणि नकाराचे कारण स्पष्ट लिहावे. तोंडी नकार मिळाला की आपला माणूस खालमानेने घरी येतो, आणि कागदावर तो आलेलाच नसतो. पोच घेतली की तो आलेला असतो. साहेबांनी आमच्याकडे पाहिले, मग वही मागितली. मुलीच्या अक्षरातली ती वही त्यांनी पाने उलटून वाचली. तीन आठवड्यांनी कर्ज मंजूर झाले.

आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. ताई श्रीमंत झाल्या असे नाही. भाड्याचीच खोली आहे. पण मागच्या उन्हाळ्यात त्यांनी शेजारच्या दोघींना रोजाने कामावर घेतले, आणि वही अजून चालू आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत चार लिहिते-वाचते लोक असतातच. कोणी शिक्षक, कोणी कंडक्टर, कोणी आमच्यासारखा कारकून. रविवारी वंदनेनंतर त्यांनी एक तास टेबल टाकून बसावे. मात्र अर्ज काढण्याआधी समोरच्याला तीन प्रश्न विचारावे : तुला काय येते? घेणारा कोण आहे? हप्ता कशातून जाईल? याची उत्तरे मिळाली की मगच योजना शोधावी. अंगाचे माप न घेता कापड कापू नये.

परवा एक तरुण आमच्याकडे आला. दुचाकी दुरुस्तीचे दुकान टाकायचे म्हणाला. कोणी पाठवले, असे विचारले तर त्याने त्या जुन्या झेरॉक्सवाल्याचे नाव सांगितले. त्याचे आता स्वतःचे गॅरेज आहे आणि हा पोरगा त्याच्याच हाताखाली शिकला. आम्ही थोडा वेळ काही बोललोच नाही. मग विचारले, "तुझ्या उस्तादाने आणखी काही सांगितले का?"

पोरगा म्हणाला, "हो. सांगतलं का भाऊकडं जाय, पन पह्यले वही लिहून ने."

वही त्याच्या हातातच होती.