सगळ्यांत खालचं धरण

पुण्याला पाणी पाजणाऱ्या चार धरणांत खडकवासला सगळ्यांत लहान. वरसगाव 12.82 टीएमसीचं, पानशेत 10.65, टेमघर 3.71, खडकवासल्याच्या पोटात दोन टीएमसीसुद्धा मावत नाही. तरी पावसाळ्यात पेपरात रोज नाव झळकतं ते याचंच. कारण ते सगळ्यांत खाली आहे. आंबी, मोसी आणि मुठा, तिघींचं पाणी शेवटी याच्याच दारात येतं आणि शहराकडे, कालव्याकडे जातं तेही इथूनच.

लाओत्सेला यात काही नवल वाटलं नसतं. हा चिनी म्हातारा खरोखर होऊन गेला का, यावर विद्वान अजून भांडतात. पण त्याच्या नावावरचं 'ताओ ते चिंग' हे 81 चिमुकल्या प्रकरणांचं पुस्तक पुन्हा पुन्हा पाण्याकडे बोट दाखवतं. समुद्राला नद्यांचं राजेपण मिळालं ते त्यांच्यापेक्षा खाली राहिल्यामुळे. लोक ज्या सखल जागेला नाकं मुरडतात तिथे पाणी खुशाल जाऊन बसतं, आणि थोरवी त्यातच आहे.

येशूही खालीच बसतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र संकोचाने पाय मागे घेतो. गुरूने असं करायचं असतं का? पवित्र गुरुवारी धर्मगुरू आजही चर्चमध्ये गुडघे टेकून माणसांचे पाय धुतात.

इथवर आलं की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, शेवटी सगळे धर्म एकच सांगतात. मला हे वाक्य आळशी वाटतं. पाणी खाली जातं यात पाण्याची काय कमाई? त्याला दुसरं काही येतच नाही. माणसाचा ओढा वरच्या खुर्चीकडे असतो. त्याला वाकायचं तर स्वतःशीच भांडावं लागतं. लाओत्से हे भांडणच मिटवायला सांगतो: धडपड थांबली की जे व्हायचं ते आपसूक होतं. येशूच्या वाटेवर आपसूक काही होत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा ते काही उताराने वाहत तिथे पोचले नव्हते. (अशा वाकण्याचा हिशेब घरात कुणाला जुळवावा लागतो ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावं. त्याग एकाच्या नावावर जमा होतो, पिठाच्या डब्याचा तळ दुसऱ्याला दिसतो.)

शिवाय खडकवासल्याच्या काठावर बसून पाण्याचं नुसतं कौतुक करणं अवघडच. 12 जुलै 1961 ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. काम पुरतं झालेलं नसताना पाणी अडवण्याची घाई झाली होती. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि 1879 पासून उभी असलेली दगडी भिंतही फुटली. मऊ पाणी कठिणाला हरवतं हे लाओत्सेचं म्हणणं पुण्याच्या नदीकाठच्या पेठा घरातला चिखल उपसताना शिकल्या. लाओत्सेने फसवलं असं मात्र म्हणता येणार नाही. निसर्गाला मायाममता नसते, आणि भांडं काठोकाठ भरण्याआधी हात थांबवावा, हेही त्यानेच बजावलेलं आहे. घाई करणाऱ्यांनी ऐकावं असं त्याच्यापाशी पुष्कळ होतं.

पण आदल्या रात्री त्याचा उपयोग नव्हता. बांध खचत चालला होता आणि लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही. ते फुटायला सकाळ मात्र उजाडली, आणि लोकांना पळायला उजेड मिळाला. चिमणीच्या मरणाचीही दखल घेणारा, येशूने सांगितलेला बाप मानणाऱ्यालाच अशा रात्रीचा अर्थ लागतो, असं मी म्हणणार नाही. त्या जवानांचा धर्म कुणी विचारला नव्हता. मात्र धडपड सोडा असं सांगणारा तिथे कुणी नव्हता हे बरं झालं.

आज खडकवासल्याचा उजवा कालवा दौंड, इंदापूरकडे जातो. उतार नीट काढलेला आहे, लाओत्सेने मान डोलवावी असा. तरी टेलच्या शेतात पाणी आपसूक पोचत नाही. वरच्या अंगाला मोटारी आहेत, आणि ऊस कुणाचाही असला तरी उन्हाळ्यात सुकतो. म्हणून 'टेल टू हेड' अशी पद्धत ठरवलेली आहे. आधी शेवटच्याचं रान भिजवायचं, वरच्याने नंतर घ्यायचं. ज्याचा नंबर शेवटी त्याला पहिला बसवायचा, हा येशूचा उफराटा न्याय पाटबंधारे खात्याच्या कागदात कधी शिरला कोण जाणे. आवर्तन सुटलं की तो पाळला जावा म्हणून कालव्यावर गस्त घालावी लागते, कधी पोलीस बंदोबस्तात.