रविवारी मशीन बंद

रविवारी शिलाई मशीन बंद ठेवणं हे पोट भरलेल्यांचं काम, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. आता रविवारी कुणी ब्लाऊजचं कापड घेऊन दारात आलं तर मी 'उद्या या' म्हणते, आणि तसं म्हणताना पोटात गोळा येत नाही. हे कसं झालं ते मला नीट सांगायचं आहे. कारण ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा विषय निघाला की आमच्या भागात दोनच प्रश्न येतात. काय मिळालं म्हणून गेलात? नाहीतर, काय चमत्कार झाला? माझ्याकडे या दोन्हींचं उत्तर नाही.

आमचं खटकचिंचोळी भालकी तालुक्यात. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्याच्या हिशेबात होता, मग म्हैसूरला जोडला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बीदरकडे अमेरिकन मेथोडिस्ट मिशनरी आले. त्यांचं ऐकणारे बहुतेक सगळे गावकुसाबाहेरचे, बिनजमिनीचे लोक होते. आमचं घराणं त्यांतलंच.

माझा बाप सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, उचल घ्यायची, आणि पुढचं वर्षभर तो मालकाचा. बैलांना रविवार कळत नाही, त्यामुळे त्यालाही कधी मिळाला नाही. पण माय रविवारी रोजगाराला जात नसे. मूग-उडदाची खुरपणी ऐन भरात आलेली, मुकादम उंबऱ्यापाशी उभा राहून रोज वाढवून देतो म्हणतोय, तरी ती नाहीच म्हणायची. शनिवारी अंधार पडताना खुरपं कुडाच्या खुंटीला अडकवायची, धुतलेलं लुगडं काढून ठेवायची, डोक्याला तेल लावून घ्यायची. मी चिडून म्हणायचे, ''माय, एक रोज बुडाला की गं.'' ती म्हणायची, ''बुडू दे. सहा दिस त्येचे, येक माझा.''

मला ते पटायचं नाही. सोमवारी घरात तेलाचा बुधला रिकामा असायचा, आणि मला त्या रिकामेपणाचं कारण रविवारातच दिसायचं. देवाला आमच्या एका दिवसाच्या मजुरीची काय गरज, असं वाटायचं. पुढे लग्न झालं. नवरा हैदराबादला बांधकामावर जायचा. तिथे परांचीवरून पडला, पाठीला मार बसला, आणि जड काम कायमचं सुटलं. दवाखान्यासाठी बायकांच्या गटातून कर्ज काढलं, ते पुरलं नाही म्हणून दुसरं काढलं. हप्ता सोमवारी. म्हणजे रविवार हा माझ्यासाठी पैसे जमवायचा शेवटचा दिवस. शिवाय रविवारी गिऱ्हाईक घरी असतं, मापं द्यायला येतं. उपासनेला जाणं सुटलंच. चर्चच्या मंडळीतल्या बायका घरी येऊन प्रार्थना करायच्या, तेव्हा मी मान खाली घालून डोळे मिटायचे आणि मनात फॉल-पिकोचा हिशेब चालू असायचा. प्रार्थनेनं हप्ता भरला जात नाही, हे माझं त्या वेळचं ठाम मत होतं. ते आजही आहे. बदललं ते दुसरंच.

माय थकल्यावर माझ्याकडे राहायला आली. तिला वाचता येत नाही, म्हणून ती बायबल माझ्याकडून वाचून घ्यायची. एका रविवारी मी मशीनवर बसलेली असतानाच तिनं दहा आज्ञा वाचायला लावल्या. मला पाठ होत्या त्या निर्गम या पुस्तकातल्या. तिथे शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचं, कारण असं दिलंय की देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. माझ्या हाती मात्र पान लागलं अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाचं. आज्ञा तीच, पण कारण निराळं. तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका, म्हणून तुमच्या दासालाही, दासीलाही, बैलालाही त्या दिवशी विसावा मिळू द्या, असा तिथला भाव आहे. लहानपणापासून चर्चमध्ये बसलेली मी, आणि हे कधी कानावरून गेलं असेल तरी मनात उतरलं नव्हतं.

समोर गल्लीतली एक मुलगी बसली होती. माझ्या हाताखाली हूक लावायची, तुरपाई करायची. सुईत दोरा जाईना म्हणून ती दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत होती, डोळे तांबारले होते. रविवारी तिला मी बोलावलं होतं. माझ्या बापाला ज्यानं रविवार दिला नाही त्या मालकाला मी जन्मभर नावं ठेवली होती. आता मालक मी होते. मी मायकडे बघितलं. ती म्हणाली, ''मंग? म्या काय येगळं सांगत व्हते का?''

माय रविवारी देवाला मजुरी देत नव्हती. जिचे सहा दिवस दुसऱ्याच्या शब्दावर चालतात, ती सातव्या दिवशी स्वतःच्या पायांनी, धुतलेल्या लुगड्यानं, आपल्याला नावानं ओळखणाऱ्या देवापुढे जाऊन बसत होती. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू कष्टी आणि ओझ्याखालच्या माणसांना जवळ बोलावतो. ओझं आधी टाकून या, कर्ज फेडून या, अशी अट तो घालत नाही. मी मात्र विसावा हा सगळं निस्तरल्यानंतर मिळणारा मेहनताना समजत होते. हप्ते संपले की जाईन, नवरा उभा राहिला की गाईन.

मशीन बंद ठेवलेले पहिले रविवार वाईट गेले. हात चुळबुळायचे. दोन गिऱ्हाइकं कायमची दुसरीकडे गेली. एका सोमवारी पैसे कमी पडले, गटातल्या बायकांनी माझे भरले आणि तोंडावर चार गोष्टीही सुनावल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. विश्वास ठेवा, कर्ज आपोआप फिटेल, असं सभांमधून सांगणारे प्रचारक मी ऐकले आहेत. गरिबाला असं सांगणं हा मी अन्याय समजते. माझं कर्ज शिवून फिटतंय, अजून पुरतं फिटलेलं नाही.

पण आनंद आला. नवरा काठी टेकत चर्चला येऊ लागला. तो पूर्वी ढोलकी वाजवायचा. पाठ धरते म्हणून सोडली होती, ती पुन्हा मांडीवर घेतली. उपासना कन्नडमध्ये असते, पण शेवटी कुणीतरी मराठी भजन धरतंच, पेटी उशिरा सूर पकडते, आणि मागच्या रांगेतल्या बायका टाळ्यांचा वेग वाढवत नेतात. दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवतो. येळवसेच्या सणाला शेतात बसून भज्जी-भाकरी खाताना जो निवांतपणा असतो, तो मला आता आठवड्याला मिळतो. हे लिहितानाही माझा जीव भरून येतो.

पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं तेव्हा धीर आला. आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळला 1858 साली त्यांचा जन्म झाला. दुष्काळात आईबाप गेले, बहीण गेली, पुढे भाऊ आणि नवराही. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी मनाला खरी शांती 1891च्या सुमारास मिळाली, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली. त्यानंतरही त्यांचे दिवस सोपे नव्हते. केडगावात दुष्काळातल्या मुलींना सांभाळलं, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि तरी त्या बायबलच्या मराठी भाषांतराला बसत राहिल्या. पुढच्या वर्षी त्याही गेल्या.

काय मिळालं म्हणून गेलात, या प्रश्नाविषयीही थोडं बोलते. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा हक्क नाकारला. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. सरकारदरबारी आमच्या लोकांनी मिळवण्यापेक्षा गमावलंच जास्त, आणि तरी आजी-आजोबांनी गाणं सोडलं नाही.

रविवार एकट्या ख्रिस्ती लोकांचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याच तालुक्यात खानापूरच्या मैलार मल्लण्णाच्या देवळात रविवारी गर्दी असते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांनी, 1890 साली. माझ्याकडची मुलगी मल्लण्णाला मानणाऱ्या घरातली आहे. तिला मी रविवारी बोलावत नाही, आणि तिच्या आठवड्याच्या पैशातून काही कापतही नाही.

तरी शेतात रोजानं जाणाऱ्या बाईला 'रविवार पाळ' असं मी तोंड वर करून सांगू शकत नाही. मायनं पाळला, पण त्याची किंमत आम्ही लेकरांनी दिली, हेही खरंच. 1948च्या किमान वेतन कायद्यात आठवड्याला एक दिवस विसावा आणि त्या दिवसाचा रोज, अशी तरतूद होती. खुरपणीच्या शेतात ती उतरलेली मी कधी पाहिली नाही. म्हणून बायकांच्या प्रार्थनासभेत मी एक विषय काढला आहे. आता आमच्या मंडळीतल्या काही घरांकडे स्वतःची ओलिताखालची जमीन आहे. त्यांनी आपल्या शेतात सहा दिवस येणाऱ्या बायकांना, त्या कुठल्याही देवाच्या असोत, सातव्या दिवसाचा रोज द्यायला सुरुवात करावी. दोघींनी हो म्हटलंय. तिसरी म्हणाली, घरी विचारून पुढच्या बैठकीला सांगते.