‘पु’ म्हणजे पुढे

कोल्हापूर
रविवार, सकाळ

चि. बंड्यास,


तू फोनवर पाठवलेल्या फोटोतली तपकिरी चकती मी लगेच ओळखली. तुझ्या आईने डब्यात बटणं आणि सुया भरून दिल्या, त्यांच्याबरोबर ती चुकून डेटनला पोचली. तिच्यावर खिळ्याने कोरलेला ‘पु’ म्हणजे पुणे का, असं तू विचारलंस. आपल्या घरात पुण्याच्या नावाने कोण काय कोरून ठेवणार? ‘पु’ म्हणजे पुढे. ती बाजू विमानाच्या नाकाकडे ठेवायची.

त्याच दिवशी तू दुसराही प्रश्न विचारलास: नव्या मॉडेल विमानाच्या किटच्या कागदावर एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर १२ मिलीमीटर आणि खाली फक्त ८, असं का? दोन्ही प्रश्न एकच आहेत. फोनवर लिहायला बसले तर अंगठा दुखेल, म्हणून हे पत्र.

तुझ्या आजोबांचं उद्यमनगरातलं वर्कशॉप तू पाहिलंस, तेव्हा तिथे एकच लेथ उरला होता. मी शाळेत असताना तीन होते, आणि रात्री आठनंतर त्यातल्या एकावर गिऱ्हाइकाचं काम होत नसे. तिथे विमान बनायचं. बाबांनी विमानात कधी पाय ठेवला नव्हता, पण डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव ते देवाच्या नावासारखं घ्यायचे. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, आणि पुढे बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान घडवलं. ते १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. आपल्याकडच्या माणसाने काढलेलं विमान, मग आपण दुसऱ्या कुणाचं कशाला करायचं, असा बाबांचा हिशेब. म्हणून मॉडेल एचटी-२ चंच. खाली पंख, दोन बैठका, शेपटीखाली चाक. नवशिक्यासाठी याहून अवघड निवड सापडली नसती.

सामान सगळं इथलं. हलक्या लाकडाच्या फळ्या तेवढ्या मुंबईहून यायच्या. रेडिओ एका नातेवाईकाने आखातातून आणला होता. पुशरॉड म्हणजे सायकलच्या तारा. सायकलच्या तारेला एका टोकाला आयते आटे असतात, म्हणजे लांबी कमी-जास्त करायची सोय झाली. दुसऱ्या टोकाला पक्कडीने झेडसारखी दुमड. तुझ्या किटमध्ये पिशवीत बंद होऊन आलेलं सामान आम्ही पंक्चरवाल्याकडून आणायचो.

एकच सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या हुकमावर फिरणारी छोटी मोटर, पंखाच्या मध्यभागी आडवा बसवलेला. त्याच्या डोक्यावर आडवी पट्टी, आणि पट्टीच्या दोन टोकांपासून दोन तारा मागे, दोन एलेरॉनच्या वरच्या बाजूला उभ्या शिंगांकडे. तार पुढे ओढली की त्या बाजूचा एलेरॉन वर, मागे ढकलली की खाली. दोन्ही बाजूंना अगदी सारखी हालचाल. बाबांनी वर्निअरने मोजून सारखी केली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

माळावर पहिल्या दिवशी विमान उडालं. बाबांनी रेडिओची काठी डावीकडे नेली. पंख डावीकडे कलला, पण नाक उजवीकडे गेलं. अजून काठी, अजून कल, आणि नाक अजून उजवीकडे. कासरा एकीकडे ओढावा आणि बैलाने मान दुसरीकडे फिरवावी, तसं. शेवटी शेपटीचा रडर देऊन कसंबसं वळवलं आणि उतरवलं. उतरवलं म्हणजे उसाच्या खोडक्यांत नेलं.

बाबांना वाटलं, तारा उलट्या लागल्या. नव्हत्या. डावीकडे वळायला उजवा एलेरॉन खाली जातो, त्या पंखाची उचल वाढते, म्हणून तो वर येतो. पण उचल फुकट मिळत नाही, तिच्याबरोबर हवेची ओढही वाढते. उजवा पंख वर येता येता मागेही खेचला जातो आणि नाक त्याच्याकडे वळतं. उचल वाढली की ओढ का आणि किती वाढते, याचं गणित ज्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलं ते हेच प्रांटल, घाटग्यांचे गुरू. बाबांना हे नंतर एका पुस्तकात सापडलं तेव्हा ते दोन दिवस खुशीत होते. विमान पडता पडता वाचलं होतं, पण पडायचं कारण निदान घरातलं निघालं!

तू राहतोस त्या गावच्या दोन सायकलवाल्यांनाही याच खोडीने छळलं होतं. राइट बंधूंचं १९०१चं ग्लायडर पंख पिळून वळवायचं, आणि ते मधूनच भलतीकडे वळायचं. १९०२ मध्ये त्यांनी मागे न हलणारे उभे पंखे लावले. तर आता ग्लायडर कललं की कधीकधी खालच्या पंखाकडे घसरत गोल फिरून वाळूत घुसायचं. त्याला ते दोघे विहीर खणणं म्हणायचे. ऑर्विलने सुचवलं की मागचा पंखा हलता करू. विल्बरने तो पंख पिळणाऱ्या दोऱ्यांनाच जोडून टाकला, म्हणजे वैमानिकाने कंबर हलवली की दोन्ही कामं एकदम. पुढे १९०५ च्या विमानात त्यांनी ही जोडणी सोडवली आणि रडरला वेगळी दांडी दिली. ते विमान तुमच्या डेटनच्या कॅरिलन पार्कात ठेवलेलं आहे. अजून गेला नसशील तर लाज वाटू दे.

रडर जोडणं हा एक उपाय. बाबांनी दुसरा धरला: खाली जाणारा एलेरॉन कमी जाऊ द्या आणि वर जाणारा जास्त. ओढीचं पारडं तेवढंच हलकं होतं. आता एकाच सर्व्होने, एकाच फिरण्यात, एक तार जास्त आणि दुसरी कमी कशी हलवायची? तुझ्या रेडिओत हे बटण दाबून होतं, कारण तुझ्याकडे प्रत्येक पंखात वेगळा सर्व्हो आहे. आमच्या रेडिओत असलं काही नव्हतं.

उत्तर वर्कशॉपच्या दारात उभ्या सायकलीत होतं. बाबांनी मला पॅडल हाताने फिरवायला लावलं. पॅडल सरळ पुढे आडवं असताना थोडं फिरवलं तर वर-खाली पुष्कळ जातं. तळाशी आलं की तेवढंच फिरवूनही जेमतेम हलतं, ते नुसतं आडवंच सरकतं. म्हणाले, “पोरी, भोक जर आधीच तळाकडे ढकलून ठेवलं, तर एकीकडे जाताना ते जोरात जाईल आणि दुसरीकडे जाताना आळशी होईल.”

रात्री जुन्या स्विचबोर्डाच्या हायलमची चकती कापली. ती सर्व्होच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर दोन बारीक स्क्रूंनी बसवली. मधल्या मोठ्या भोकाशेजारी दिसतात ती बारीक भोकं त्या स्क्रूंचीच. कडेला अगदी समोरासमोर असलेली दोन भोकं अ‍ॅराल्डाइटने बुजवलेली आहेत, तो पहिला प्रयत्न. खरी भोकं त्यांच्यापेक्षा ३० अंशांनी शेपटीकडे सरकलेली, मध्यापासून १२ मिलीमीटरवर. सर्व्हो ४० अंश फिरला तर तार पुढे साधारण ८ मिलीमीटर जाते आणि मागे ५ च्या थोडी वर. कागदावर वर्तुळ काढून मोजून बघ. दीडास एक. तुझ्या १२ आणि ८ चंही प्रमाण तेच आहे.

म्हणून चकती उलटी बसली तर सगळंच उलटं. म्हणून ‘पु’.

पण ती जशीच्या तशी वापरायचा मोह आवर. तुझ्या विमानाची शिंगं पंखाच्या खालच्या बाजूला आहेत, म्हणजे तार मागे ढकलली की एलेरॉन वर जातो. तुला सर्व्होचे हात पुढे, पंखाच्या पुढच्या कडेकडे झुकवायला हवेत, दोन्ही बाजूंचे. सर्व्होला २५ दाते असतील तर दोन दाते सरकवले की जवळपास ३० अंश होतात. बाकी बारीकसारीक रेडिओवर कर, माझी हरकत नाही. मात्र शिंगाचं भोक बरोबर बिजागरीच्या रेषेवर येतंय ना, हे आधी बघ. ते मागे-पुढे झालं तर न मागितलेला फरक पडतो आणि तू तो रेडिओत शोधत बसशील.

आणि हालचाल जास्त वाटली म्हणून रेडिओवर निम्मी करू नकोस, हे मात्र मी बजावून सांगते. सर्व्होच्या हाताचं आतलं भोक घे, शिंगाचं बाहेरचं घे. हालचाल कमी होईल, जोर वाढेल, आणि सांध्यातला प्ले कडेला कमी दिसेल. शिंगावर १० मिलीमीटरच्या भोकात ०.२ मिलीमीटर खुळखुळ असेल, तर ५० मिलीमीटर रुंद एलेरॉनच्या कडेला ती १ मिलीमीटर होते. २० च्या भोकात घातलंस तर अर्धा.

हे मला पाठ का आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर तुझा बाप सांगेल आणि मीठमसाला लावून सांगेल. चकती बसल्यावर विमान लोण्यासारखं वळायला लागलं. पुढच्या हिवाळ्यात शिंगं बदलली, तेव्हा भोकं पाडायचं काम मी मागून घेतलं. झेडची तार १.६ मिलीमीटरची होती. हाताशी २ चा ड्रिल होता. मी विचार केला, तार सहज जाईल, अडकणार नाही. बाबांनी ते बघितलं नाही, किंवा बघून मला काही बोलले नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही.

माळावर तिसऱ्या फेरीत त्यांनी विमान उंचावरून खाली झेपावत आणलं. मध्येच भर्रर्र असा आवाज आला, बुलेट सुरू करावी तसा. मला वाटलं इंजिन. इंजिन नव्हतं, उजवा एलेरॉन थरथरत होता. ढिल्या सांध्याचं असं होतं: हवा एलेरॉनला ढकलते, तो परततो, हवा पुन्हा ढकलते, आणि पंखाची लवचीक हालचाल त्याच तालात मिसळली की प्रत्येक झटका मागच्यापेक्षा मोठा. सेकंदभरात एलेरॉन बिजागरीसकट सुटून भिरभिरत खाली आला. विमान त्याच्या आधीच जमिनीवर होतं.

बाबांनी तुकडे गोळा केले. माझं शिंग उचललं, त्यातली तार बोटाने हलवली, खुळखुळ ऐकली आणि शिंग खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात माझ्या टेबलावर १.५ चा ड्रिल ठेवलेला होता. १.५ ने पाड, मग तारच फिरवून फिरवून भोक तिच्या मापाचं कर. तो ड्रिल अजून माझ्या खणात आहे, दोनदा धार लावून आखूड झालाय.

चकती तेवढी त्या विमानातून सलग निघाली. तिच्यावर चरा नाही, बघ.

तुझ्या विमानाचे सगळे सांधे एकेक करून बोटांत धर आणि हलव, आवाज कानाने ऐक. मग मला दोन्ही एलेरॉनची वर-खालची मापं कळव. बिजागरीपासून नव्हे, कडेला मोजलेली.

तुझी,
आत्या

ता.क. क्लेविसचे चिमटे उडताना उघडू नयेत म्हणून त्यांच्यावर रबरी नळीची रिंग चढवायची असते. आम्ही सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापून घालायचो. तिकडे मिळेल न मिळेल, म्हणून पाकिटात वीतभर घातली आहे. पोस्टातल्या माणसाने हे काय म्हणून विचारलं, मी औषध सांगितलं.