मागं कोण राहतंय?

ऑगस्ट २०२१. काबूल विमानतळावर अमेरिकी विमानामागे धावणाऱ्या माणसांचा व्हिडिओ मी मामांना दाखवला. मामा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. फोन परत देत ते एवढंच म्हणाले, "आमचं तरी काय निराळं झालं?"

मामा श्रीलंकेत लढले होते, हे मला त्या दिवशी कळलं. घरात त्यावर कुणी कधी बोललंच नव्हतं.

जुलै १९८७ मध्ये करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. शांतता राखायला गेलेल्या या सेनेला ऑक्टोबरात एलटीटीईशीच लढावं लागलं. नोव्हेंबरात मामांच्या रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अडीच-पावणेतीन वर्षांत सुमारे बाराशे जवान गेले. १९८९ मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासाच म्हणाले, आता जा. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

"मग परत यायला नको होतं का, मामा?"

"यायलाच पाहिजे होतं. उलट उशीर केला. पण निघताना मागं कोण राहतंय, ते बघायचं का नाही?"

निघण्याआधी आपण तिथल्या तमिळ पोरांची एक फौज उभी करायला मदत केली होती. त्यातल्या कित्येकांना जबरदस्तीने भरती केलेलं. आपण मागे सरकलो तशी ती कोसळली आणि एलटीटीईने त्यांना वेचून मारलं.

मामांच्या छावणीत असाच एक पोरगा यायचा. दुभाष्याचं काम करायचा, मामांकडून मराठी शिव्या शिकायचा. निघायच्या दिवशी त्याने विचारलं, "आम्हाला पण नेणार ना?" मामा म्हणाले, "साहेबांना विचारतो." विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता, असं ते म्हणतात.

नको असलेल्या युद्धातून देशाने बाहेर पडावंच. अब्रू राखायची म्हणून आणखी वर्षभर माणसं मारणं हा मूर्खपणा आहे. पण ज्यांनी आपल्या भरवशावर शेजाऱ्यांशी वैर घेतलं, त्यांची जागा पहिल्या जहाजात हवी. शेवटचं जहाज निघताना त्यांची यादी करून काय उपयोग?

मागच्या वर्षी मामांना दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर नेलं. त्यांनी मित्राचं नाव शोधून काढलं, त्यावरून बोट फिरवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या पोराचं आडनावसुद्धा मी विचारलं नव्हतं बघ."