उतारवयातली सोबत



निवृत्तीनंतर परदेशी जाऊन प्रभूची सेवा करता येते का, असे आमच्या बेळगावच्या मंडळीतली काही साठीपुढची जोडपी आम्हांला विचारतात. आम्ही दोघे तीनदा केनियाला जाऊन आलो, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे येतो. येते, जरूर येते. पण तिथे जाऊन काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आधी ठरवलेले बरे. नाहीतर तिथल्या पाळकाला पाहुण्यांचीच सेवा करत बसावे लागते.

आमच्यापैकी एकाची नोकरी बँकेत झाली, दुसरीची मराठी शाळेत. पुलपिटावरून संदेश देण्याचे दान दोघांनाही नाही. मुलगी आणि जावई नैरोबीत असतात. त्यांच्या ओळखीतून किसुमूपलीकडच्या एका पाळकांचे बोलावणे आले. किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे शहर. तिथून आत खेड्यांत हे पाळक चार मंडळ्या सांभाळतात. एका गावची उपासना आटोपली की मोटारसायकलवर बसून दुसऱ्या गावी. घरी थोडी मक्याची शेती, पत्नी आणि तीन मुले.

स्वाहिली भाषेत पाळकाला 'म्चुंगाजी' म्हणतात, म्हणजे गुरेमेंढरे राखणारा. आपला 'पाळक' शब्दही तेच सांगतो. दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा' आणि हिशेबाला 'हेसाबु'. समुद्रापलीकडे गेल्यावरही शब्द असे ओळखीचे भेटतात. तिथले लोक आम्हांला आदराने 'बाबा' आणि 'मामा' म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आमच्या शिक्षिकाबाईंना 'मामा' व्हायला दोन दिवस लागले!

पहिल्या वर्षी आमचे मुख्य काम हेसाबुचेच होते. केनियात 2007 पासून एम-पेसा आहे. मोबाइलवरून पैसे पाठवायची ही सोय खेडोपाडी पोचली आहे. दानही बरेचसे तसेच येते. या मंडळ्यांचे दान पाळकांच्या स्वतःच्या नंबरवर येई. घरचे पैसे कोणते आणि देवाचे कोणते, यावर मागे कुजबुज चाले. पाळक प्रामाणिक, पण दाखवायला कागद नव्हता. आम्ही वडीलमंडळींबरोबर बसलो. मंडळीचा वेगळा नंबर झाला, वही झाली, दोन सह्यांची पद्धत ठरली आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब वाचून दाखवायचा असे ठरले. वही त्यांची, अक्षर त्यांचे. आम्ही शेजारी बसून फक्त बेरीज तपासायचो.

दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा पाळकांच्या घरात काळजी होती. पाच महिने पगार झाला नव्हता. फी थकल्यामुळे थोरल्या मुलीला शाळेने घरी पाठवले होते. नैरोबीत एका नातेवाइकाने त्यांच्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती. ते जाणार होते. त्याच संध्याकाळी वडीलमंडळी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, पाळकांचा पगार दर महिन्याला तुम्ही द्या." रक्कम आमच्या पेन्शनमध्ये बसण्यासारखी होती. हो म्हणणे सोपे होते. त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही.

अशा वेळी जुन्या माणसांची आठवण उपयोगी पडते. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 साली अहमदनगरला आले, तेव्हा त्यांचे वय 58 होते. मंडळीने आपला खर्च आपण उचलावा, आपला कारभार आपण पाहावा, सुवार्ता आपण पसरवावी आणि तिचा पाळक तिच्याच लोकांतला असावा, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या मराठी मंडळ्यांना आपले पाळक मिळाले, त्यात या विचाराचा मोठा वाटा आहे. पुढे 1863 साली, वयाच्या 66व्या वर्षी, ते हवाई बेटांवर गेले, तेही तिथल्या मंडळ्यांचा कारभार तिथल्या लोकांच्या हाती जावा म्हणून. आम्ही पगार देऊ लागलो, तर ते पाळक आमचे नोकर होतील आणि मंडळी त्यांची मालक तर नाहीच, कुटुंबही राहणार नाही. आमची पेन्शन आमच्याबरोबर संपेल, मग पुढे?

पण नुसते नाही म्हणून उठून जायचे का? तिथे दुसरे नाव आठवले, व्ही. एस. अझरायांचे. हैदराबादच्या वाचकांना डोर्नकल सांगायला नको. 1912 साली तिथले बिशप झालेले अझराया हे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप. त्याआधी 1910 साली एडिनबरोच्या मिशनरी परिषदेत त्यांनी परदेशी मिशनऱ्यांसमोर स्पष्ट सांगितले होते की, तुम्ही आमच्यासाठी धन दिले, देह झिजवले, आता आम्हांला तुमची मैत्री हवी आहे. हे ऐकून काही जण दुखावले. पण ते मागणे आजही खरे आहे. आज आपण भारतीय पेन्शनर पाहुणे म्हणून दुसऱ्या देशात जातो, तेव्हा ते आपल्यालाही लागू पडते.

सकाळी आम्ही वडीलमंडळींना दोन गोष्टी सांगितल्या. पगार आम्ही देणार नाही. मुलीची एका सत्राची फी मात्र भरू, सगळ्यांना सांगून आणि थेट शाळेत. मित्राच्या मुलीसाठी इथे बेळगावातही आपण एवढे केलेच असते. मग चारही मंडळ्यांची वही मध्ये ठेवून सगळे बसले. बोलणे दुपारपर्यंत चालले, आवाज चढले, दोन माणसे उठून गेली आणि परत आली. शेवटी ठरले की प्रत्येक घराने महिन्याला एक गोरोगोरो मका द्यायचा आणि पगाराचे पैसे चार मंडळ्यांनी वाटून घ्यायचे. गोरोगोरो म्हणजे दोनेक किलोचा मापाचा डबा. पाळक नैरोबीला गेले नाहीत. मागची बाकी अजून पूर्ण फिटलेली नाही, हेही सांगितले पाहिजे.

उरलेले दिवस आम्ही फारसे काही केले नाही. संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसायचो. उगाली आणि सुकुमा विकी जेवायचो. सुकुमा विकी ही पालेभाजी. नावाचा अर्थ 'आठवडा ढकला'. पाळक बोलायचे, आम्ही ऐकायचो. ज्याच्याकडे सगळे प्रार्थनेसाठी येतात, त्याला स्वतःचे दुःख सांगायला जागा नसते. आम्ही वयाने मोठे, परगावचे आणि त्यांच्या कुठल्याही कमिटीत नसलेले, म्हणून त्यांना बोलता आले. उतारवयाचा एवढा उपयोग आम्हांला आधी माहीत नव्हता.

निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात धरून ठेवले. अहरोनाने तेव्हा ऐंशी ओलांडली होती. त्याने मोशेची काठी स्वतःच्या हातात घेतली नाही. हात मोशेचेच वर राहिले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पर्यटक म्हणून जाऊन धर्मसेवेचे काम करता येत नाही. तिथल्या मंडळीमार्फत रीतसर परवाना घ्यावा. पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान 10 दिवस आधी, सरकारने ठरवलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. दाखला नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. साठीनंतर या लशीच्या गंभीर दुष्परिणामाचा धोका थोडा वाढतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे. मलेरियाच्या गोळ्या आणि प्रवासाचा विमाही विसरू नये.

आता आमचे जाणे थांबले आहे. गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. दर गुरुवारी रात्री साडेनऊला आम्ही फोन लावतो. तिथे तेव्हा सात वाजलेले असतात. रविवारचे वचन ते आम्हांला सांगतात, आम्ही नातवंडांचे सांगतो, मग प्रार्थना होते. आम्ही इस्पितळात होतो, तेव्हा त्या चारही मंडळ्यांनी रात्रभर जागून प्रार्थना केली. आमच्या नावांचा उच्चार त्यांना जमत नाही, बाबा आणि मामा एवढेच. प्रभूला तेवढे पुरले.

ज्यांना समुद्र ओलांडणे शक्य नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आपले पाळकसाहेब आणि पाळकबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. कसलेही काम न काढता त्यांच्या घरी आपण शेवटचे कधी गेलो होतो? या आठवड्यात जाऊ या.

प्रभू येशू, आमच्या म्हाताऱ्या हातांना दुसऱ्याचे हात धरण्याचे बळ दे. आमेन.